खिडकी मोफत, औषध बाहेरून : युगांडातील आरोग्य शुल्कमाफीचे प्रकरण

युगांडातील सरकारी दवाखान्यांत रुग्णाकडून घेतले जाणारे शुल्क १ मार्च २००१ पासून बंद झाले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक १२ मार्चला होती. राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांच्या विरोधात उभे असलेले डॉ. किझ्झा बेसिग्ये हे मुसेवेनींच्या सत्तेपूर्वीच्या बंडखोरीच्या काळात जंगलात त्यांच्यावरच उपचार करणारे वैद्यक होते, आणि गावोगावच्या प्रचारसभांत दवाखान्याच्या शुल्काविषयीची नाराजी उघडपणे व्यक्त होत होती. आरोग्य केंद्रावर तपासणी आणि औषध मिळून साधारण ५०० ते १,००० शिलिंग मोजावे लागत, म्हणजे तेव्हाच्या दराने पाव ते अर्धा डॉलर. घोषणेनंतर ही आकारणी सर्व सरकारी आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत थांबली; केवळ रुग्णालयांतील पैसे भरून राहण्याचे खासगी कक्ष आणि चर्चसंस्था चालवत असलेली रुग्णालये या माफीच्या कक्षेबाहेर राहिली.

गरीब देशांतील शुल्कमाफीची चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एका बाजूला माफीनंतर वाढलेल्या गर्दीचे आकडे दाखवले जातात, तर दुसऱ्या बाजूला रिकाम्या औषध कपाटांकडे बोट दाखवून फुकटाची किंमत राहत नाही असे सांगितले जाते. युगांडाच्या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरल्या, आणि म्हणूनच ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. शुल्क हटवणे योग्यच होते, असे माझे मत आहे. परंतु खिडकीवर जमा होणारी ती लहानशी रक्कम दवाखान्यात नेमके काय चालवत होती, आणि ती बंद झाल्यावर ते कोणाच्या खिशातून चालू लागले, याचा हिशेब घोषणा करणाऱ्यांनी वेळेवर केला नाही.

१९६२ च्या स्वातंत्र्यानंतर युगांडात सरकारी उपचार मोफत होते आणि कंपालातील मुलागो रुग्णालयाचा पूर्व आफ्रिकेत दबदबा होता. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देशाबाहेर काढले (त्यांत गोव्याहून तिकडे स्थायिक झालेली कुटुंबेही होती), तेव्हा डॉक्टर, औषध व्यापारी आणि कारकून एकदमच गेले. पुढच्या यादवीत उरलेली व्यवस्था मोडली. पगार इतके घसरले की सरकारी दवाखान्यातील कर्मचारी आपले घर रुग्णांकडून हातावर घेतलेल्या पैशांवर आणि दवाखान्यातून बाहेर गेलेल्या औषधांवर चालवू लागले. त्यामुळे शुल्क येण्यापूर्वी उपचार मोफत होते, असे म्हणणे कागदापुरतेच खरे होते.

१९८७ हे वर्ष या संदर्भात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जागतिक बँकेने विकसनशील देशांच्या आरोग्य खर्चाविषयी एक धोरणपत्र काढून शुल्क आकारणीचा पुरस्कार केला, आणि त्याच वर्षी मालीची राजधानी बामाको येथे आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी औषधांच्या विक्रीतून गावपातळीवर निधी उभा करण्याची कल्पना उचलून धरली. युक्तिवाद तीन होते : पैसा येईल, अनावश्यक गर्दी टळेल आणि गरिबांना सूट देता येईल. युगांडाच्या तेव्हाच्या कायदेमंडळात १९९० मध्ये आलेला शुल्काचा प्रस्ताव मंजूर झाला नाही. मात्र १९९३ पासून सत्तेचे विकेंद्रीकरण सुरू झाले आणि जिल्ह्यांनी आपापल्या पातळीवर शुल्क लावले. दर वेगळे, नियम वेगळे, पावतीची पद्धतही वेगळी. राष्ट्रीय पातळीवर जे मंजूर झाले नव्हते, ते जिल्ह्याजिल्ह्यांतून देशभर लागू झाले.

या तीन युक्तिवादांपैकी पहिला फारसा टिकला नाही, कारण शुल्कातून जमणारी रक्कम देशाच्या एकूण आरोग्य खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आतच राहिली. तिसरा तर पूर्णच कोसळला. कोणाला सूट द्यायची हे ठरवण्याचे काम ज्या स्थानिक समितीकडे आणि कर्मचाऱ्यांकडे होते, त्यांचाच भत्ता त्या जमा रकमेतून निघत असे. म्हणजे प्रत्येक सूट ही त्यांच्या स्वतःच्या खिशाला चाट होती. प्रत्यक्षात सूट मिळालेल्यांत दवाखान्यातील कर्मचारी, त्यांचे नातलग आणि समितीचे सदस्य यांची संख्या लक्षणीय असल्याचे तेव्हाच्या अभ्यासांत दिसून आले. गरिबाला आपण गरीब असल्याचे सिद्ध करायला लावणाऱ्या योजनांचे असेच होते. ज्याची ओळख असते त्याला सूट मिळते आणि ज्याला गरज असते तो घरीच थांबतो. दुसऱ्या युक्तिवादाचे, म्हणजे अनावश्यक गर्दी टळण्याचे, उत्तर माफीनंतरच्या आकड्यांनी दिले.

मार्च २००१ चा निर्णय निव्वळ मतांसाठी घेतला, असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. १९९७ मध्ये सरकारने प्राथमिक शाळांची फी माफ केली होती आणि त्याचा राजकीय लाभ मुसेवेनींनी अनुभवला होता. १९९९ च्या सुमारास अर्थ मंत्रालयाच्या पुढाकाराने गावोगावच्या गरिबांशी चर्चा करून दारिद्र्याचा जो आढावा घेतला गेला, त्यात लोकांनी गरिबीचे सर्वाधिक वेळा सांगितलेले कारण आजारपण हे होते. आजाराने मजुरी बुडते, उपचारासाठी शेळी किंवा जमिनीचा तुकडा विकावा लागतो आणि घर पुन्हा उभे राहत नाही. १९९८ मध्ये युगांडाला कर्जमाफीच्या आंतरराष्ट्रीय योजनेचा लाभ मिळाला आणि वाचलेला पैसा दारिद्र्यनिवारणाकडे वळवण्याची व्यवस्था झाली. शुल्कातून मिळणारी रक्कम भरून काढण्याइतका पैसा त्यामुळे तिजोरीत दिसत होता. निवडणुकीने एवढेच केले की जो निर्णय दोन-तीन वर्षांच्या तयारीने व्हायला हवा होता, तो एका आदेशात झाला.

परिणाम लगेच दिसले. दहा जिल्ह्यांतील ७८ दवाखान्यांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, माफीनंतर नव्या रुग्णांच्या मासिक भेटी ५३.३ टक्क्यांनी वाढल्या. पाच वर्षांखालील बालकांच्या नव्या भेटींतील वाढ मात्र २७.३ टक्के, म्हणजे जवळपास निम्मीच होती. याचा एक सरळ अर्थ असा लागतो की मूल तापाने फणफणले की आई कसेही करून ५०० शिलिंग उभे करत होती. स्वतःचे दुखणे मात्र ती आणि घरातले इतर मोठे अंगावरच काढत होते. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा याला पुष्टी देतो. बालकांना फेरतपासणीसाठी पुन्हा आणण्याचे प्रमाण ८१.३ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वेळचे पैसे जुळवले जात होते, पण दुसऱ्या वेळचे जुळत नव्हते. बरे वाटेपर्यंत उपचार पूर्ण करण्याचे जे बंधन डॉक्टर तोंडी घालतात, त्याच्या आड एवढीशी रक्कम येत होती.

मला या अभ्यासातील सर्वांत बोलका भाग मात्र लसीकरणाचा वाटतो. लसीकरण, गरोदरपणातील तपासणी आणि कुटुंबनियोजन या सेवांना युगांडात शुल्क कधीच नव्हते, आणि तरीही माफीनंतर त्यांचाही वापर वाढला. जे आधीपासूनच मोफत होते, ते मोफत झाल्याच्या बातमीने का वाढावे? एक कारण असे असणार की जी बाई स्वतःच्या खोकल्यासाठी केंद्रावर आली, तिच्या कडेवरच्या मुलाला त्याच फेरीत डोस दिला गेला. दुसरे कारण अधिक अस्वस्थ करणारे आहे. दारात पैसे मागणारा माणूस बसलेला असला की आतल्या कोणत्या टेबलावर पैसे लागत नाहीत, हे बाहेरच्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. सूट असलेल्या सेवांची यादी भिंतीवर लावून हा प्रश्न सुटत नसतो. देशपातळीवर दरडोई बाह्यरुग्ण भेटींचे वार्षिक प्रमाण १९९९-२००० मध्ये सुमारे ०.४ होते, ते २००४-०५ पर्यंत ०.९ झाले. कौटुंबिक सर्वेक्षणांवर आधारलेल्या विश्लेषणांनी ही वाढ गरिबांमध्ये अधिक असल्याचे दाखवले. अनावश्यक गर्दी म्हणून जिची भीती घातली जात होती, ती प्रत्यक्षात अडवून ठेवलेली गरज होती.

आता खिडकीच्या आतल्या बाजूला यायला हवे. देशाच्या हिशेबात पाच टक्क्यांहून कमी असलेली ही रक्कम एखाद्या खेड्यातील आरोग्य केंद्राच्या हिशेबात मात्र जवळजवळ एकमेव रोख रक्कम होती. पगार वरून येत, औषधांची खोकी वरून येत, अनुदान तिमाहीला जिल्ह्यामार्फत येई आणि ते अनेकदा उशिरा येई. रोजच्या रोज हातात पडणारे पैसे फक्त शुल्काचे होते. त्यातून संपलेली औषधे जवळच्या बाजारातून आणली जात, किरकोळ दुरुस्ती होई, स्थानिक पातळीवर नेमलेल्या मदतनिसांना मजुरी मिळे आणि कर्मचाऱ्यांच्या तुटपुंज्या पगारात थोडी भर पडे. हा पैसा कसा खर्चायचा ते दवाखान्याची व्यवस्थापन समिती ठरवत असे, आणि तिच्यात गावातली माणसे असत.

शुल्क बंद झाल्यावर या समित्यांच्या बैठका अनेक ठिकाणी नियमित होईनाशा झाल्या, असे त्याच ७८ दवाखान्यांच्या अभ्यासात नोंदवले आहे. ठरवायला पैसाच नसेल तर बैठक कशासाठी घ्यायची, असा साधा व्यवहार त्यामागे होता. लोकसहभागाविषयी पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी या एका नोंदीपाशी थोडे थांबावे. कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य खचल्याचेही अभ्यासकांना आढळले. एका बाजूला रुग्ण दीडपट झाले आणि दुसऱ्या बाजूला हातात पडणारा भत्ता गेला. गर्दी वाढवून पगार कमी करण्याचाच हा आदेश आहे, असे नर्सला वाटले असल्यास तिला दोष देता येत नाही. पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांच्या अभ्यासात, आगाऊ सूचना न देता भेट दिली असता युगांडातील ३७ टक्के आरोग्य कर्मचारी कामावर आढळले नाहीत. हे प्रमाण भारतात ४० टक्के होते, त्यामुळे आपण फार वरच्या आसनावरून बोलण्याचे कारण नाही. शिवाय गैरहजेरी हा दोष माफीपूर्वीही होताच; माफीने तो निर्माण केला नाही, मात्र तो कमी करण्याचे एक साधनही तिने शिल्लक ठेवले नाही.

औषधांचे काय झाले, हा या प्रकरणाचा गाभा आहे. युगांडातील रुग्ण आरोग्य केंद्रावर जाताना एक शाळकरी वही सोबत नेतो. तपासणारा त्या वहीतच लक्षणे, निदान आणि औषधांची नावे लिहितो, आणि वही घेऊन रुग्ण औषधाच्या खिडकीशी जातो. तिथे औषध असले तर उपचार मोफत होतो. नसले तर तीच वही घेऊन तो बाजारातल्या औषधाच्या दुकानात जातो आणि तिथे त्याला बाजारभावाने पैसे मोजावे लागतात. पूर्वी ५०० शिलिंगांत तपासणीसह काही गोळ्या तरी हाती पडत. आता तपासणी फुकट, पण गोळ्यांसाठी जे पडतील ते. माफीनंतर सरकारने औषधांसाठी जादा पैसा दिला, हे खरे आहे. परंतु रुग्णसंख्या एका आदेशाने वाढते आणि एंटेबी येथील राष्ट्रीय औषध भांडाराची खरेदी, साठवण व वाहतूक आदेशाने वाढत नाही.

१९९७, २००० आणि २००३ च्या कौटुंबिक सर्वेक्षणांची तुलना करणारा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. घराला झेपण्यापलीकडचा आरोग्य खर्च, म्हणजे पोटापाण्याचा खर्च वजा जाता उरलेल्या ऐपतीच्या ४० टक्के किंवा अधिक खर्च, किती कुटुंबांवर कोसळला, हे त्यात मोजले होते. गरिबांचा सेवांचा वापर झपाट्याने वाढला होता, पण अशा खर्चाखाली दबलेल्या गरीब कुटुंबांचे प्रमाण घटले नव्हते. सरकारी केंद्रांत औषधे वारंवार नसल्याने लोकांना ती खासगी दुकानांतून घ्यावी लागली असावीत आणि हातावर द्यावे लागणारे पैसेही वाढले असावेत, असे स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले. यावरून माफी फसली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जो पूर्वी आलाच नसता आणि ज्याचा खर्च त्यामुळे शून्य दिसला असता, तो आता येतो, निदान करून घेतो आणि मग औषधावर खर्च करतो. सर्वेक्षणात हा खर्च वाढलेला दिसतो, पण घरात बिनउपचार पडून राहणे हा काही बचतीचा मार्ग नव्हे. तरीही आर्थिक संरक्षण हे माफीचे जे दुसरे वचन होते, ते पुरे झाले नाही, हे मान्य करावेच लागते.

पुढील वर्षांत औषध पुरवठ्याची पद्धत अनेकदा बदलली. आधी वरून ठरावीक खोकी येत. मग केंद्रांनी गरजेप्रमाणे मागणी नोंदवायची पद्धत आली. त्यानंतर २०१० च्या सुमारास लहान केंद्रांसाठी पुन्हा ठरावीक संच पाठवणे सुरू झाले आणि औषधांचा पैसा थेट राष्ट्रीय भांडाराकडे वर्ग झाला. गोळ्यांवर सरकारी शिक्का आणि विक्रीस मनाई असल्याची खूण उमटवली जाऊ लागली, जेणेकरून सरकारी माल दुकानात दिसला तर ओळखता यावा. प्रत्येक बदलामागे आधीच्या पद्धतीतील गळतीचा अनुभव होता.

चर्चसंस्थांच्या रुग्णालयांची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण ती या वादात सहसा येत नाही. गुलूजवळील लाकोरसारखी ही रुग्णालये माफीच्या कक्षेबाहेर होती आणि त्यांचे रुग्ण सरकारी केंद्रांकडे वळतील अशी भीती होती. सरकारने त्यांना अनुदान दिले, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी शुल्क कमी करून ते ठोक स्वरूपात ठरवले, म्हणजे आजार कोणताही असो, आत शिरतानाच एकूण किती लागेल ते रुग्णाला कळे. सर्वांत गरिबाला याचा लाभ सरकारी माफीइतका होत नाही, परंतु औषध आत मिळेल याची खात्री असल्याने लोक तिथेही जात राहिले.

घोषणेआधी तयारी केली तर काय होते, हे सिएरा लिओनमध्ये पाहता येते. तिथे गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी २७ एप्रिल २०१० पासून मोफत सेवा सुरू झाली. त्याआधी आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार वाढवले गेले, पगारपटावरची खोटी नावे काढली गेली आणि औषधांचा साठा मागवला गेला. अडचणी तिथेही राहिल्या, पण क्रम बरोबर होता. महाराष्ट्रातही मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांमध्ये तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. या संस्थांत वर्षाला सुमारे २.५५ कोटी रुग्ण येतात. केस पेपरचे पैसे गेले, परंतु बाहेरून औषध आणण्यासाठी लिहून दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीचा प्रश्न इथेही वेगळाच उरतो. मुंबई महापालिकेला आपल्या रुग्णालयांसाठी ‘झिरो प्रिस्क्रिप्शन’ नावाचे, म्हणजे बाहेरच्या औषधाची चिठ्ठी न देण्याचे, स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले, यातच ती चिठ्ठी हेही एक शुल्कच असल्याची कबुली आहे.

युगांडात ही कबुली न्यायालयातून आली, आणि ती बाळंतपणाच्या निमित्ताने आली. सरकारी रुग्णालयात प्रसूती मोफत असली तरी हातमोजे, ब्लेड, कापूस, प्लॅस्टिकचे कापड अशा वस्तू बाईने घरून आणाव्यात, ही अपेक्षा अनेक ठिकाणी रूढ होती. दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०००-०१ मध्ये सुमारे ३७ टक्के होते आणि पाच वर्षांनी ते जेमतेम ४१ टक्क्यांवर गेले. बाह्यरुग्ण भेटी दुपटीच्या पुढे गेल्या त्याच काळातील ही गती आहे. तापाला गोळी पुरते; अडलेल्या बाळंतिणीला रात्री वाहन, शस्त्रक्रियागृह, रक्त आणि जागेवर असलेला डॉक्टर लागतो, आणि खिडकीवरचे शुल्क हटवल्याने यांतले काहीही उभे राहत नाही. मित्याना आणि अरुआ येथील सरकारी रुग्णालयांत दोन स्त्रिया प्रसूतीदरम्यान दगावल्या. मित्यानाच्या प्रकरणात जुळ्यांपैकी पहिले मूल लहान केंद्रात जन्मले होते, दुसऱ्यासाठी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले गेले, आणि तिथे तिच्याकडे पैसे मागितले गेले असा आरोप होता.

एका आरोग्य हक्क संस्थेने २०११ मध्ये या मृत्यूंविषयी घटनात्मक न्यायालयात याचिका दाखल केली. हा शासनाच्या धोरणाचा विषय आहे, आपण त्यात पडणार नाही, असे सांगून न्यायालयाने ती २०१२ मध्ये फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तिची सुनावणी घेण्याचा आदेश दिला. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की सरकारी दवाखान्यांत मूलभूत मातृत्व सेवा आणि तातडीची प्रसूती सेवा न पुरवणे हे राज्यघटनेचे उल्लंघन आहे, आणि मातृआरोग्यासाठी अर्थसंकल्पात पुरेशी तरतूद करण्याचे निर्देश सरकारला दिले. एप्रिल २००१ मध्ये, म्हणजे शुल्कमाफीनंतर दुसऱ्याच महिन्यात, आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांनी नायजेरियाची राजधानी अबुजा येथे अर्थसंकल्पाचा किमान १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचे ठरवले होते. युगांडाचा वाटा त्यानंतरच्या बहुतेक वर्षांत दहा टक्क्यांच्या आतबाहेर घुटमळत राहिला, आणि एकूण आरोग्य खर्चातील सुमारे ४० टक्के पैसा रुग्णांच्याच खिशातून येत राहिला.